बाटलीतला तिखट सॉस पारखायचा कसा : आधी चव, मग जाळ

सांगलीत कुणाच्याही घरी हॉट सॉसची नवी बाटली आली की तिची परीक्षा एकाच पद्धतीने होते. झाकण उघडायचं, बोटावर थेंब घ्यायचा, चाटायचा आणि तिथल्या तिथे निकाल द्यायचा. "काय तिखट नाही ओ यात," नाहीतर "लईच जाळ हाय." दोन्ही निकाल बऱ्याचदा चुकतात. पहिला चुकतो, कारण जाळ अजून यायचाच असतो. दुसरा चुकतो, कारण तासाभरापूर्वी त्याच माणसाने विश्रामबागेत मिसळ हाणलेली असते.

गाड्यावर किंवा हॉटेलात कोणता सॉस ठेवायचा ते ठरवणारे, बचत गटातून सॉस करून विकणारे आणि घरी चार बाटल्या जमवून 'यातला भारी कोणता' यावर वाद घालणारे, अशा तिघांसाठी हा लेख आहे. पायऱ्या त्याच क्रमाने करा. या कामात क्रम बिघडला की बाकी सगळं नीट करूनही उपयोग नसतो.

कारण असं : तिखट ही चव नाही. खारट, आंबट, गोड, कडू या चवी जिभेच्या चवग्रंथी ओळखतात. मिरचीतलं कॅप्सेसिन, म्हणजे तिला तिखट करणारं द्रव्य, मात्र टीआरपीव्ही१ नावाच्या ग्राहीला (पेशीवरच्या संवेदना टिपणाऱ्या प्रथिनाला) जाऊन चिकटतं. साधारण ४३ अंश सेल्सियसच्या वरचं तापमान ओळखणं हे त्या ग्राहीचं काम. म्हणून मेंदूला वाटतं, तोंड भाजलं. हा शोध डेव्हिड ज्युलियस यांचा, १९९७ चा. २०२१ च्या नोबेलमध्ये तो होता. आपल्या कामाची गोष्ट एवढीच की तोंड 'भाजलं' की मीठ कमी का जास्त, लसूण कच्चा का परतलेला, हे कळेनासं होतं. नाक वाहायला लागलं की वासही जातो. म्हणून आधी चव, मग जाळ.

## टप्पा १ : वेळ आणि तोंड

सकाळी साडेदहा-अकराची वेळ सगळ्यात चांगली. नाश्ता होऊन दीड-दोन तास झालेले असावेत. पोट रिकामं नको आणि टम्म भरलेलंही नको. उन्हाळ्यात दुपारी हे काम काढूच नका. मार्च-एप्रिलच्या उकाड्यात आधीच घाम आलेल्या माणसाला सॉसने आलेला घाम वेगळा कळत नाही.

चाखायच्या आधी किमान तासभर हे बंद :

- कडक गरम चहा-कॉफी. भाजलेल्या तोंडाला तिखट जास्त झोंबतं.
- तंबाखू, मिश्री, पान, सुपारी. मिश्री लावणाऱ्यांना हे जड जातं, पण त्याला इलाज नाही.
- पुदिन्याची टूथपेस्ट, पेपरमिंट, थंडाव्याच्या गोळ्या. तोंडात आलेला खोटा गारवा जाळाचं माप बिघडवतो.
- आदल्या जेवणातला कच्चा कांदा आणि ठेचा.

सर्दी झाली असेल तर दिवस पुढे ढकला. आपण ज्याला चव म्हणतो त्यातला मोठा वाटा वासाचा असतो.

सावधान : तोंड आलेलं असेल, दमा असेल, आम्लपित्त किंवा अल्सरचा त्रास असेल, गरोदरपण असेल तर चाखणाऱ्यांत बसू नका. लिहून घ्यायचं काम घ्या. लहान मुलांना गंमत म्हणूनही थेंब देऊ नका.

## टप्पा २ : मांडामांड

लागतं ते सगळं घरातच सापडतं. पांढऱ्या बशा किंवा वाट्या (रंग बघायला पांढऱ्याच हव्यात), प्रत्येक सॉसला वेगळा चमचा, कोमट पाणी, साधं दूध किंवा गोडसर दही, थुंकायला एक भांडं, कागद-पेन आणि सेकंद दाखवणारं घड्याळ. चमचे स्टीलचे चालतील. तांब्या-पितळेची आणि ॲल्युमिनियमची भांडी नकोत. व्हिनेगर त्यांना धरतं आणि धातूची चव सॉसच्या नावावर जमा होते.

सॉस फ्रीजमध्ये असेल तर दीड-दोन तास आधी बाहेर काढा. गार सॉस कमी तिखट लागतो आणि त्याचा वासही दबलेला असतो. एक बाटली फ्रीजमधली आणि एक कपाटातली अशी तुलना मुळातच खोटी.

आता सोबत खायचं काय? इथे आपल्याकडे एक चूक ठरलेली आहे. वाळवा तालुक्यातल्या एका बचत गटाने लाल मिरची-लसणाचा सॉस केला आणि विक्रीच्या स्टॉलवर लोकांना चाखायला दिला. द्यायचा कशावर, तर भडंगावर. भडंग आमच्या भागाचं, घरोघरी आवडतं, म्हणून त्यांनी ते निवडलं. पण भडंगात आधीच लसूण, तिखट, मीठ, तेल आणि पिठीसाखर. लोक म्हणायचे "छान आहे", आणि ते खरंही होतं, पण छान भडंग होतं. बाटली घरी नेल्यावर त्याच लोकांना सॉस आंबटढाण लागला. गटातल्या काकूंना वाटलं, माल खराब झाला. माल होता तसाच होता.

तर सोबत घ्यायचं ते बिनचवीचं : मऊ शिजवलेला, मीठ न घातलेला पांढरा भात, किंवा साधे चुरमुरे. चुरमुरे खारे असतील तर भातच बरा. ज्वारीची गार भाकरीही चालते. तिला स्वतःची थोडी गोडी असते, पण ती प्रत्येक सॉसला सारखीच मिळते.

### वाढणारा वेगळा, चाखणारा वेगळा

बाटल्या वाढणाऱ्याने लेबलं चाखणाऱ्यांना दिसू देऊ नयेत. वाट्यांना क, ख, ग किंवा आकडे द्या. १-२-३ असे सरळ देऊ नका, 'एक नंबर' ऐकलं की माणूस आपोआप झुकतो. ४१७, २६३ असे कुठलेही आकडे घ्या. लेबलवर कवटीचं चित्र असलं की माणसाला आधीच घाम फुटतो. आणि महागाचा सॉस 'वेगळाच' लागतो, किंमत लपवेपर्यंत.

वाढणाऱ्याची आणखी दोन कामं. लेबलवर मिरचीचा अर्क किंवा ओलिओरेझिन लिहिलं असेल, किंवा भूत जोलोकिया, कॅरोलिना रीपर अशी अतितिखट मिरच्यांची नावं असतील, तर ती बाटली बाजूला काढायची आणि शेवटी, भातात मिसळूनच द्यायची. आणि कुणाला मोहरी, सोया, शेंगदाणे चालत नसतील तर घटक आधी वाचून बघायचे.

### मापाची बाटली

एक सॉस कायमचा मापाचा म्हणून ठरवा. तो कुठेही मिळणारा आणि वर्षानुवर्षं न बदलणारा असावा. टबॅस्कोचा मूळ लाल सॉस यासाठी सोयीचा आहे : मिरची, व्हिनेगर, मीठ एवढंच त्यात आहे आणि तिखटपणा २,५०० ते ५,००० स्कोव्हिल (स्कोव्हिल हे तिखट मोजायचं एकक). दुसरा घेतलात तरी चालेल, पण तोच ठेवा. दर वेळी सुरुवातीला तो चाखायचा, आणि शेवटीही. नाहीतर 'दहापैकी सात' म्हणजे कुणाचे सात?

तपासा : बाटल्या खोलीच्या तापमानाला आल्या? लेबलं झाकली? दूध हाताशी आहे? भात बिनमिठाचा आहे?

## टप्पा ३ : डोळ्यांनी

बाटली उघडण्याआधी झाकण बघा. फुगलेलं असेल, उघडताना जोरात वायू सुटला, किंवा आत बुरशी दिसली, तर चाखणं तिथेच थांबवा. आंबवलेल्या सॉसमध्ये थोडा फुसका वायू असू शकतो, पण लेबलवर तसं काहीच लिहिलेलं नसताना बाटली फसफसली तर ती टाकून द्या. मानेपाशी तपकिरी कडं धरलेलं असतं तो बहुधा हवेचा परिणाम. धोका नाही, पण बाटली उघडून बरेच दिवस झालेत एवढं कळतं.

मग बाटली नीट हलवा. न हलवता ओतलेला पहिला चमचा आणि तळाचा चमचा हे दोन वेगळे सॉस असतात. वर नुसतं व्हिनेगर आणि खाली सगळा गर. 'काल तिखट नव्हता, आज आहे' या तक्रारीचं हे नेहमीचं कारण.

पांढऱ्या बशीत चमचाभर ओता, बशी तिरकी करा आणि अर्धा मिनिट बघत राहा. गर जिथल्या तिथे आणि त्याच्याभोवती पाण्याचं कडं पसरत गेलं, तर सॉस सुटतोय. सगळा गोळा जेलीसारखा एकसंध घसरला, मागे काहीच राहिलं नाही, तर घट्टपणा स्टार्चचा किंवा डिंकाचा आहे, मिरचीचा नाही. मागे बारीक कण आणि बियांचे ठिपके ठेवत हळूहळू उतरला, तर मिरचीचा गर भरपूर. शेवटी बशीवर जो डाग राहतो त्याचा रंग बघा : पिवळसर-केशरी उतरणारा लाल मिरचीचा, गुलाबी उतरला तर बाहेरून घातलेल्या रंगाचा संशय घ्यायला जागा आहे. हिरवा सॉस पोपटासारखा चकाकत असेल तर शंकाच नको. शिजवलेली हिरवी मिरची शेवाळी होते, पोपटी राहत नाही.

रंगावरून तिखटाचा अंदाज मात्र बांधू नका. ब्याडगीचा रंग गडद आणि तिखट सौम्य, हे मसाला कांडणाऱ्या प्रत्येक घराला माहीत आहे. सॉस लाल दिसला की तेच घर ते विसरतं.

## टप्पा ४ : नाकाने

बाटलीच्या तोंडाला नाक लावू नका. पहिला भपका व्हिनेगरचा येतो, ठसका लागतो आणि पुढची पाच मिनिटं वाया जातात. वाटी छातीपाशी धरा, हाताने वारा घालून वास ओढा. थांबा. मग वाटी थोडी जवळ आणून दुसऱ्यांदा.

पहिल्या वासाला आंबटपणा कळतो, दुसऱ्याला बाकीचं. कच्चा लसूण आणि परतलेला लसूण सहज वेगळे येतात. ताजी मिरची गवतासारखी हिरवट येते, वाळवलेली बेदाण्याकडे झुकते, धुरावलेली लगेच सांगते. आंबवलेल्या सॉसला लोणच्याच्या खाराचा, किंचित दह्याकडे जाणारा वास असतो. नुसत्या व्हिनेगरने आंबट केलेल्याला तो नसतो.

वास अगदीच मिटलेला वाटला तर गरम भाताच्या शितांवर थेंब टाकून हुंगा. तरीही काही आलं नाही तर कागदावर 'वास नाही' लिहा. तोही निकालच आहे.

## टप्पा ५ : चव, जाळ चढायच्या आत

लोक हाच टप्पा गाळतात, आणि मग सगळे सॉस त्यांना 'आंबट-तिखट' एवढेच लागतात.

१. पाव चमचा सॉस एक मोठा चमचा कुस्करलेल्या भातात नीट मिसळा. जाळ पातळ होतो, चव टिकते.

२. नाक चिमटीत धरा आणि घास तोंडात घ्या. नाक बंद असताना जे कळतं ते फक्त जिभेचं : मीठ, आंबट, गोड, कडवट. चार-पाच सेकंद पुरे.

३. नाक सोडा. वास एकदम मागून चढतो. लसूण, आलं, फळ, धूर, जिरं जे असेल ते याच क्षणी ओळखायचं.

४. घास थुंकून टाका आणि लगेच लिहा. जाळ यायच्या आधी लिहा, बोलू नका. एकाने "लसूण" म्हटलं की टेबलावरच्या सगळ्यांना लसूण लागतो. आमच्याकडे तर घरातला मोठा माणूस बोलला की चाचणीच संपते.

लिहायचं काय? 'छान', 'ठीक' नको. हे प्रश्न घ्या : आंबट आधी येतं का खारट? आंबटपणा धारदार आहे (व्हिनेगर), लिंबाकडचा आहे, का चिंचेसारखा गोलसर? गोडी आहे तर साखरेची, गुळाची का फळाची? पिठूळपणा लागतो का? मिरचीची स्वतःची चव, म्हणजे जाळ बाजूला ठेवून मिरचीचं फळ, कुठे सापडतं का?

शेवटचा प्रश्न माझ्या मते सगळ्यात वजनाचा. तिखटजाळ सॉस कुणीही करतो, अर्काचे दोन थेंब टाकले की झाला. मिरचीची चव टिकवून तिखट करणं हे खरं काम. अर्काचा सॉस बहुतेक वेळा इथेच पकडला जातो : किंचित कडवट, औषधी, मिरचीचा पत्ता नाही, आणि मग अचानक आग.

फळाचा गर घातलेले सॉस इथे हमखास जास्त गुण नेतात, कारण गोडी जाळ झाकते. त्यांना आपापसात तोला. स्ट्रॉबेरीचा गर घातलेला सॉस व्हिनेगर-मिठाच्या सॉसशेजारी ठेवून नंबर काढण्यात अर्थ नाही.

तपासा : चवीचं सगळं लिहून झालं? सगळ्या सॉसची चव आधी पूर्ण करा, मग एक दहा-पंधरा मिनिटांची सुट्टी घ्या, मगच पुढे.

## टप्पा ६ : जाळ, घड्याळ लावून

आता सॉस निव्वळ, भाताशिवाय. थेंब मुगाच्या दाण्याएवढा, जास्त नाही. बाजूला काढलेल्या अर्कवाल्या बाटल्या इथे येत नाहीत. जिभेच्या मधोमध ठेवा, टाळूला लावून पसरवा, दहा सेकंदांनी गिळा. गिळताना श्वास धरा. सॉस श्वासाबरोबर घशात ओढला की जो खोकला येतो त्यावरून तिखटपणाचं माप निघत नाही.

घड्याळ सुरू. ५ सेकंद, १५ सेकंद, अर्धा मिनिट, एक, तीन आणि पाच मिनिटं, एवढ्या वेळांना शून्य ते दहा असा आकडा लिहा. मापाच्या बाटलीचा सर्वोच्च आकडा टेबलावर सगळ्यांनी मिळून आधी ठरवून घ्या, समजा चार. बाकी सगळं त्याच्या तुलनेत.

आकड्याबरोबर चार गोष्टी टिपा.

कधी आला. काही मिरच्या तोंडात पडताच चावतात. लवंगी आणि तिच्यासारख्या बारीक मिरच्या त्यातल्या. हबानेरो आणि भूत जोलोकियाच्या घराण्यातला जाळ रेंगाळत येतो. अर्धा मिनिट 'काहीच नाही' वाटतं आणि नंतर चढतच जातो. दोन सेकंदांत निकाल देणारे यालाच फसतात. 'काहीच नाही' म्हणून दुसरा चमचा घेतात आणि दोन्हींचा हिशेब एकदम चुकता होतो.

कुठे आला. ओठ, जिभेचं टोक, टाळू का घसा? टोकावर आणि ओठांवर चरचरणारा सॉस वड्याबरोबर मजा देतो. घशात बसणारा सॉस जेवण थांबवतो. तुमचं गिऱ्हाईक कोण, यावर चांगलं-वाईट ठरेल.

कसा आला. सुया टोचल्यासारखा, का सगळं तोंड हळूहळू तापल्यासारखा?

किती वेळ राहिला. एका मिनिटात मावळणारा आठ आणि पाच मिनिटं बसून राहणारा पाच, यात पाच नंबरवाला सॉस जास्त त्रास देऊ शकतो. नुसता सर्वोच्च आकडा लिहिणाऱ्यांच्या हातून हे निसटतं.

### हा जाळ मिरचीचाच का?

सगळा ठसका मिरचीचा नसतो. लगेच आला, जिभेच्या कडांना झोंबला आणि लाळ सुटताच दहा सेकंदांत गेला, तर तो व्हिनेगर. सरळ नाकात चढला, डोळ्यांत पाणी आणून लगेच ओसरला, तर मोहरी. गिळल्यावर घशात खवखव आणि बोथट ऊब राहिली तर मिरी किंवा आलं असण्याची शक्यता. घटकांत बघून खात्री करा. ओठांवर बसून राहिला, पाण्याने गेला नाही, उलट पसरला, तर मिरची.

तेलातला सॉस वेगळा वागतो. कॅप्सेसिन तेलात विरघळतं, तेल त्याला धरून ठेवतं, म्हणून जाळ उशिरा आणि मऊ येतो. त्याला पाच मिनिटांचा पूर्ण वेळ द्या.

### दोन सॉसमध्ये किती थांबायचं

मापाची बाटली पकडून एका बैठकीत चार, फार तर पाच. प्रत्येकी किमान दहा मिनिटांचं अंतर, तेही मागचा आकडा शून्यावर आल्यानंतर. क्रम सौम्य ते कडक. तो वाढणाऱ्याने लावायचा.

या अंतराला कारण आहे. कॅप्सेसिनचे घास पाठोपाठ घेतले की प्रत्येक घास आधीपेक्षा जास्त जाळतो. काही मिनिटांची विश्रांती घेऊन परत घेतला की उलट होतं, तोंड बधिर झाल्यासारखं राहतं आणि तोच सॉस सौम्य लागतो. म्हणजे घाई केली तर शेवटचा सॉस उगीच बदनाम होतो, आणि बैठक लांबली तर उगीच सुटतो. यावर उपाय मापाच्या बाटलीचा. शेवटी ती परत चाखा. सुरुवातीला चार दिलेल्या सॉसला आता दोन दिलेत, तर तोंड थकलंय; मधले आकडे पुन्हा घ्यावे लागतील, दुसऱ्या दिवशी.

मधे तोंड कशाने साफ करायचं? पाण्याने नाही. पाणी जाळ विझवत नाही, तोंडभर नेऊन पोहोचवतं. दुधाचा घोट फिरवून थुंका (दुधातलं केसीन हे प्रथिन कॅप्सेसिन उचलतं), मग साधा भात चावा, शेवटी कोमट पाण्याने चूळ. अगदीच जळालं तर जिभेवर चमचाभर साखर. कोल्ड्रिंक आणि बर्फ त्या क्षणी बरे वाटतात, पण गारवा गेला की जाळ परत हजर.

सावधान : सॉसचा हात डोळ्याला जातोच. आधी बोटांना गोडंतेल चोळा, मग साबण. नुसत्या पाण्याने धुतलेला हात धुतलेला नसतो.

### कुणाची जीभ

रोज कांदा-लसूण मसाल्याची आमटी आणि खर्डा खाणाऱ्याची जीभ तिखटाला सरावलेली असते. त्याचा चार पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकाचा सात असू शकतो. विकायला सॉस करत असाल तर टेबलावर एक तरी कमी तिखट खाणारा बसवा, आणि दोघांचे आकडे मिसळून सरासरी काढू नका. वेगवेगळे ठेवा. सरासरीतला साडेपाच कुणाच्याच तोंडाचा नसतो.

## टप्पा ७ : पातळ करून मोजणं (करणाऱ्यांसाठी)

घरी चाखणाऱ्यांनी हा टप्पा सोडला तरी चालेल. ज्यांना दर खेपेला माल सारखाच तिखट हवा, त्यांनी सोडू नये.

विल्बर स्कोव्हिल यांनी १९१२ मध्ये हीच युक्ती काढली होती : मिरचीचा अर्क साखरेच्या पाण्यात पातळ करत जायचा, तिखट लागेनासा होईपर्यंत. आता प्रयोगशाळेत यंत्राने मोजतात, पण तुलनेपुरती घरची पद्धत चालते.

१. १०० मिली पाण्यात ५ ग्रॅम साखर, या प्रमाणात पाणी तयार करा.

२. मेडिकलमधून सुई नसलेली सिरिंज आणा. हलवलेल्या सॉसचा १ मिली आणि साखरपाणी ९ मिली. झालं दहापट. जाड कण असतील तर पातळ फडक्यातून गाळा.

३. त्यातलं १ मिली, परत ९ मिली साखरपाणी. शंभरपट. परत तसंच. हजारपट. हवं तर शंभरपटीच्या एका भागात दोन भाग साखरपाणी घालून मधली तीनशेपट करून घ्या.

४. सगळ्यात पातळपासून सुरुवात. एक घोट, अर्धा मिनिट थांबा, थुंका. जिथे पहिल्यांदा ऊब जाणवली तो आकडा सॉसचा.

एक सॉस हजारपटीत जाणवला आणि दुसरा शंभरपटीतच, तर पहिला साधारण दहापट तिखट. २,५०० स्कोव्हिलचा सॉस हिशेबाने हजारपटीत जेमतेम कळायला हवा. मात्र घरच्या आकड्याला लेबलवर 'स्कोव्हिल' म्हणून छापू नका. ती तुमच्या तुमच्यात तुलना आहे.

नेहमीची चूक : उलट्या क्रमाने, म्हणजे सगळ्यात तिखट पाण्यापासून सुरू करणं. मग पुढचं सगळंच सपक लागतं.

## टप्पा ८ : पदार्थावर

सॉस चमच्याने कुणी खात नाही. तुम्ही तो ज्यावर घालणार त्याच पदार्थावर, जेवढा घालणार तेवढाच घालून बघा. वडापाव, ऑम्लेट, नूडल्स, भजी. तेल-तुपाच्या, चीजच्या पदार्थांत जाळ बसतो आणि आंबटपणा वर येतो. चमच्यावर सात असलेला सॉस वड्यावर चार होतो. पातळ सॉस पावात मुरून पाव ओला करतो, घट्ट सॉस भज्यावर बसतो. गाडा असेल तर हे चवीइतकंच महत्त्वाचं. मिसळीवर मात्र सॉस पारखू नका. कटापुढे कुठलाच सॉस उभा राहत नाही.

## टप्पा ९ : आता लेबल

लेबलं झाकणारे कागद काढा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात. पाणी, साखर, व्हिनेगर आणि मग कुठेतरी चौथी-पाचवी मिरची, असं असेल तर टप्पा ५ मधला 'मिरचीचा पत्ता नाही' हा शेरा खरा ठरला. आकड्यांचा अर्थ थोडक्यात : २६० म्हणजे ॲसेटिक ॲसिड, ३३० सायट्रिक ॲसिड, ४१५ झँथन गम, १४२२ सुधारित स्टार्च, २११ सोडियम बेंझोएट, २०२ पोटॅशियम सॉर्बेट, ६२१ अजिनोमोटो. १६०सी मिरचीचाच रंग. १०२, ११०, १२४, १३३ हे कृत्रिम रंग.

लेबलवरचा स्कोव्हिलचा मोठा आकडा बघून दचकू नका. बऱ्याचदा तो मिरचीचा असतो, सॉसचा नाही, आणि मिरचीचाही वाळलेल्या वजनावर काढलेला. १,००,००० स्कोव्हिलची मिरची ओली असताना तिच्यात ८५-९० टक्के पाणी असतं, म्हणजे ओल्या वजनाला १०,००० ते १५,००० उरले. सॉसमध्ये ती २० टक्के घातली तर हातात आले २,००० ते ३,०००. झाकणावरच्या एक लाखाचं एवढंच होतं.

## निकाल लिहिताना

दोन ओळी पुरेत, पण चव आणि जाळ वेगळ्या ओळींत. उदाहरणार्थ : 'आंबवलेली लाल मिरची, परतलेला लसूण, मीठ थोडं जास्त. जाळ उशिरा, घशात, सर्वोच्च सहा, चार मिनिटं.' असं लिहिलेलं महिन्याभराने वाचलं तरी सॉस आठवतो. 'भारी' लिहिलेलं वाचून काही आठवत नाही.

सॉस माल म्हणून निवडायचा असेल तर एका बैठकीवर पैसे लावू नका. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला, कोड बदलून, क्रम थोडा फिरवून पुन्हा बसा. एकाच सॉसला त्याच माणसाने दिलेल्या दोन आकड्यांत दोनपेक्षा जास्त फरक पडला, तर त्या सॉसपुरता त्याचा कागद बाजूला ठेवा. आणि उघडलेल्या बाटल्या मान पुसून फ्रीजमध्ये ठेवा, उघडल्याची तारीख लिहूनच.